सुपरचार्जर, फक्त रोजच्या वापरासाठी

३ ऑगस्ट २०२५, रविवार, सकाळी ७

आजपासून रोज लिहायचं. वही म्हणजे कारखान्यातलं जुनं तपासणी रजिस्टर, अर्धं कोरं. रद्दीत जाणार होतं, तरी स्टोअरमध्ये अर्ज देऊन, सही करून आणलं. कंपनीची टाचणीसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हे माझं तत्त्व आहे.

सध्याची परिस्थिती. वय सव्वीस. मेकॅनिकलची पदवी, घरातली पहिली. राहणं सिडकोत, भाड्याची खोली. नोकरी शेंद्र्याला, क्वालिटीत. काम असं, की इंजिनांना जाणाऱ्या पाइपांच्या दोन्ही टोकांना लाल प्लास्टिकचं टोपण आहे का ते पाहायचं. वाटेत आत कचरा जाऊ नये म्हणून हे टोपण. असलं तर हिरवा शिक्का, नसलं तर पाइप परत. दिवसाला हजार-अकराशे. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकून मी टोपणं बघते.

करमाडला आईची पिठाची गिरणी आहे. माझी पदवी त्या गिरणीवर झाली. दळायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगते, आमची दीपमाला कंपनीत इंजिन बनवते. मी दोनदा दुरुस्त करायला गेले. गिरणी चालू होती, तिला ऐकू आलं नाही. मग वाटलं, तिचं वाक्य बदलण्यापेक्षा वस्तुस्थिती बदलावी.

संधी आली आहे. डिझाइन विभागात एक जागा निघाली आहे. विभागप्रमुख नीरजा मॅडम म्हणाल्या, ऑक्टोबरच्या शेवटी मुलाखती. मार्कशीट आणू नका, स्वतः बनवलेली एक वस्तू आणा. आणि ती चालली पाहिजे.

माझ्याकडे गाडी आहे. दोन वर्षांपूर्वी छावणीतल्या एका निवृत्त साहेबांकडून घेतलेली. लाल, दोन सीटांची, कापडी टपाची, अगदी बुटकी स्पोर्ट्स कार. दिसायला फार वेगवान. इंजिन बाराशे सीसीचं, जालना रोडवर रिक्षा पुढे जातात. तिला सुपरचार्जर बसवणार. म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा एक पंप, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, ताकद जास्त. शर्यतीबिर्यतीसाठी नाही. फक्त रोजच्या वापरासाठी.

आरटीओची परवानगी लागेल. उद्या चौकशी.

५ ऑगस्ट, मंगळवार

थकले. १०८२ पाइप. आरटीओ उद्या.

१० ऑगस्ट, रविवार

छावणीत जानीमियाँ मिस्त्रींकडे गेले. या गाडीला साहेबांच्या काळापासून तेच हात लावतात. त्यांना आकृती काढून सगळं समजावलं. दाबाचा आलेखही दाखवला. त्यांनी आलेख उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला, आणि चहा मागवला. म्हणाले, "बेटा, ये गाडी कू अब आराम होना. तुम इसकू अखाडे में कायकू उतारते?"

जुन्या पिढीला नवं तंत्रज्ञान पचायला वेळ लागतो. तरी जागा आणि हत्यारं द्यायला तयार आहेत. काम मी करायचं, नट त्यांनी आवळायचे, असं ठरलं.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. सोपं करून सांगावं लागेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, म्हणजे घास जोरात भरवायचा, एवढंच ना. ढोबळमानाने बरोबर आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार, सकाळी

किट आलं. पुण्याच्या एका माणसाने जपानी छोट्या गाडीतून काढून विकायला ठेवलेलं. उद्या गणपती, त्यामुळे कुरिअरवाला खोकं दारात टाकून पळाला.

आत सुपरचार्जर, दोन नळ्या आणि जपानी भाषेतलं पुस्तक. पट्टा नाही. हवेचा फिल्टर नाही. इंजिनावर बसवायचं ब्रॅकेट दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाचं. विक्रेत्याला फोन केला. त्याने शांतपणे सांगितलं की किट कम्प्लीट आहे, गाडी वेगळी आहे.

हरकत नाही. उलट बरंच झालं. सगळं आयतं मिळालं असतं तर मी काय बनवलं असतं? ब्रॅकेटचं डिझाइन स्वतः करणार. दोन दिवसांचं काम.

७ सप्टेंबर, रविवार

ब्रॅकेट झालं. दहा दिवस लागले. चिकलठाण्याच्या वर्कशॉपमधून करून आणलं. फिनिशिंग सुरेख. बसवायला गेलो तर भोकं इंजिनाच्या भोकांशी जुळेनात. ड्रॉइंग अचूक होतं. फक्त मी ते समोरून काढलं आणि त्यांनी मागून वाचलं. किंवा उलट. जानीमियाँनी ब्रॅकेट आरशासमोर धरून दाखवलं. आरशात एकदम बरोबर दिसत होतं.

दुसरं करायला दिलं.

आमच्या लाइनवरचा शंतनूही मुलाखतीला बसणार आहे. त्याने काय बनवलं विचारलं, तर एक छोटं जिग म्हणाला. पाइप त्यावर ठेवला की टोपण आहे की नाही ते दिव्याने कळतं. हिरवा किंवा लाल. मला त्याची कीव आली. दिवसभर टोपणं बघायची आणि घरी जाऊन पुन्हा टोपणांचाच विचार करायचा. माणसाची झेप हवी.

१४ सप्टेंबर, रविवार

पट्ट्याचा प्रश्न सुटला. योग्य लांबीचा पट्टा शहरात कुठेच मिळेना. शेवटी करमाडला गेले तर आईने गिरणीच्या खिळ्यावर टांगलेला जास्तीचा पट्टा काढून दिला. म्हणाली, ने, तुझ्या कामाला येईल. आता त्या मापाची पुली जानीमियाँ करून देणार आहेत. पिठाच्या गिरणीचा पट्टा स्पोर्ट्स कारला. रिपोर्टमध्ये "स्थानिक साधनसामग्रीचा वापर" असं लिहायचं.

वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, गाडीच्या खाली वाकून बघितलं आणि विचारलं, ही आता नांगर ओढील का. मी म्हटलं, अण्णा, ताकद आणि टॉर्क या वेगळ्या गोष्टी आहेत. अण्णा म्हणाले, म्हणजे नाय ओढीत.

आरटीओ पुढच्या आठवड्यात नक्की.

२० सप्टेंबर, शनिवार

सुपरचार्जर जागेवर बसला. घट्ट, सरळ, देखणा. अजून जोडलेला नाही, इंजिन जुन्याच नळीने श्वास घेतंय. पण बसला.

एक किरकोळ गोष्ट. बॉनेट लागत नाही. सुपरचार्जरचं हवा घ्यायचं तोंड चार बोटं वर येतंय. बॉनेटला गोल भोक पाडलं. आता ते तोंड बॉनेटमधून बाहेर आभाळाकडे बघतं. खरं सांगायचं तर गाडीला शोभा आली.

त्यावर बसणारा फिल्टर पुण्याहून यायचा आहे. तोवर उघडं तोंड झाकायला हवं. माप घेतलं, एक्कावन्न मिलिमीटर. आमच्या लाइनवरचं पाच नंबरचं टोपण बरोब्बर बसेल. पण ते कंपनीचं. अर्ज करावा तर मंजुरीला सात दिवस, आणि स्टोअरच्या वहीत कारण लिहावं लागतं. शंतनू ती वही रोज बघतो. फिल्टर तीन दिवसांत येतोच आहे.

टोपण घेतलं नाही. तत्त्व पाळल्याचं समाधान वाटलं. तोंडाला किराण्याची प्लास्टिकची पिशवी बांधली.

२८ सप्टेंबर, रविवार

फिल्टर आला नाही. विक्रेता म्हणतो, निघालाय. पिशवी वाऱ्याने दोनदा उडाली. दुसरी बांधली. कंबर धरली आहे. बुटक्या गाडीत बसताना कळत नाही, उतरताना कळतं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

गाडी घेऊन करमाडला. आज हत्यारांची, यंत्रांची पूजा. आमच्याकडे गिरणी बंद. आई पहाटेच ती धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून तयार ठेवते. मग हळदीकुंकू. मग धान्य टाकायच्या तोंडात मूठभर अक्षता. वर्षभर ज्याने आपल्याला खायला घातलं, त्याला सणाच्या दिवशी उपाशी ठेवायचं नाही, पहिला घास त्याचा, अशी तिची रीत. बाकी कुणी करत असेल-नसेल, आई करते.

मग गाडी. मी आईला म्हटलं, बंपरला काय ओवाळतेस, खरं यंत्र वर आहे. आणि पिशवी सोडून सुपरचार्जर नीट दाखवला. कुठून खातो, काय खातो, सगळं. तिने लक्ष देऊन ऐकलं. माझ्या कामात तिने इतका रस घेतलेला पहिल्यांदाच बघितला.

तेवढ्यात आठवलं, मॅडमना एक फोटो पाठवावा. फोन आत चार्जिंगला होता. घेऊन आले तोवर पूजा झाली होती. तोंडाभोवती हळदीकुंकवाची पाच बोटं, झेंडूची माळ, उदबत्ती. आई हात जोडून उभी. फार छान फोटो आला. मॅडमना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

शेजारच्या आवडाबाई दळण घेऊन आल्या होत्या. गिरणी बंद म्हणून परत चालल्या होत्या, तर आईने थांबवून गाडी दाखवली. म्हणाली, हे इंजिन आमच्या दीपीनं बनवलं. या वेळी मी दुरुस्त केलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी

फिल्टर आला. छावणीत जाऊन जोडणी पूर्ण केली. जानीमियाँ म्हणाले, फिल्टर बसवण्याआधी तोंडात एकदा बॅटरी मारून बघू, गाडी बरेच दिवस उघडी फिरली आहे. मी म्हटलं, पिशवी होती, आणि आता पूजाही झाली आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, क्लिप आवळली.

उद्या चाचणी.

५ ऑक्टोबर, रविवार

यश. यश. यश.

सकाळी सहाला जालना रोडवर एकही ट्रक नव्हता. ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने मला पाठीवर ढकललं. पहिल्यांदाच. एक बारीक शिट्टी ऐकू आली, ती सुपरचार्जरची. दोन रिक्षा आणि एक दूधवाला मागे टाकला. डोळ्यांत पाणी आलं. (टप उघडं होतं.)

परतताना आतून थोडा गरगर असा आवाज. नव्या भागांना एकमेकांत बसायला वेळ लागतो. पाचशे किलोमीटर तरी.

८ ऑक्टोबर, बुधवार

आता रोज गाडीनेच. सतरा किलोमीटरला पूर्वी त्रेचाळीस मिनिटं लागायची, आज एक्केचाळीस. त्यातली अडतीस ट्रकच्या मागे. तरी सुधारणा ही सुधारणा.

चिकलठाण्याजवळ रोज सकाळी कुणीतरी भात करपवतं. वास थेट शेंद्र्यापर्यंत सोबत येतो.

गरगर किंचित वाढली आहे. बसतंय हळूहळू.

१२ ऑक्टोबर, रविवार

करमाडला गेले. गाडी अंगणात उभी करायच्या आतच आई गिरणी बंद करून बाहेर आली. दळणाला आलेल्या तिघी-चौघी थांबून राहिल्या. आई बॉनेटजवळ कान करून उभी राहिली. मग म्हणाली, "दिपे, ह्याच्यात तांदूळ हाय."

मी हसले. मग वाटलं, हसू नये. खाली बसून तिला समजावलं. आत दोन रोटर असतात, ते एकमेकांना न शिवता फिरतात, त्यांच्यात केसाइतकी फट असते, नवा असताना आवाज येतोच, याला रनिंग-इन म्हणतात. मातीत आकृती काढली. अर्धा तास तरी गेला. आई मधे एकदाही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "व्हय. पण तांदूळच हाय. ज्वारी असती तर जाड वाजलं असतं."

परत येताना वाईट वाटलं. एकोणीस वर्षं गिरणीच्या आवाजात काढल्यावर माणसाला सगळीकडे दळणच ऐकू येणार. शिक्षणाने माणूस कान बाजूला ठेवून विचार करायला शिकतो. तिला ती संधी मिळाली नाही. निश्चय: दिवाळीनंतर आईला दर रविवारी एक तास विज्ञान.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आवाज मोजण्याचं ॲप घेतलं. रोजचे आकडे लिहून आलेख काढला. रेघ वर जातेय. रनिंग-इनमध्ये आधी वर जाते, मग खाली येते. माझी अजून वर जाण्याच्या टप्प्यात आहे.

जानीमियाँना फोनवर आवाज ऐकवला. म्हणाले, खोलके देखते. मी म्हटलं, मुलाखतीनंतर. चालत्या गाडीला मुलाखतीच्या आधी उघडायचं नसतं.

थकले.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

करमाड. बसने. गाडीला विश्रांती दिली. आईने विचारलं, तांदूळ निघाला का. मी विषय बदलला. सणाच्या दिवशी वाद नको.

२६ ऑक्टोबर, रविवार

रिपोर्ट पूर्ण. चौतीस पानं. शीर्षक, "दैनंदिन वापराच्या छोट्या वाहनात सुपरचार्जरचे स्वदेशी एकात्मीकरण". एकतिसाव्या पानावर "ज्ञात मर्यादा" असा एक परिच्छेद आहे. त्यात कापडी टप गळतं एवढंच लिहिलं आहे.

आरटीओचं कलम काढून टाकलं. उद्या जाऊन आले तर पुन्हा घालीन.

मुलाखत शुक्रवारी. आधी शंतनू, मग मी. मॅडम म्हणाल्या, मी स्वतः गाडीत बसेन, आवारात तीन फेऱ्या मारू. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, तू बसव त्यांना, घाबरू नको. फोन ठेवताना म्हणाली, पण तेवढा तांदूळ काढून घे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळी ६

आज लिहायला हात उचलत नाही. तरी लिहिते. नियम तो नियम.

शंतनूचं जिग टेबलावर होतं. त्याने दहा पाइप ठेवले, नऊला हिरवा लागला, एकाला लाल. पाच मिनिटांत संपलं. मला वाटलं, बिचारा.

मग गाडी. मॅडम बसल्या. बुटकी आहे, हे त्यांना बसल्यावर कळलं. पहिली फेरी उत्तम. शिट्टी वाजली तेव्हा त्या हसल्याही. त्यांनी दाब किती विचारला, मी सांगितला. त्यांनी ब्रॅकेटबद्दल विचारलं, मी दुसऱ्या ब्रॅकेटबद्दल सांगितलं. दुसऱ्या फेरीत कँटीनजवळ गरगर सुरू झाली. त्यांनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, रनिंग-इन. तिसऱ्या फेरीत, पाइपांच्या ट्रॉल्या लावतात तिथे बरोबर समोर, आतून कर्रर असा आवाज आला, पट्टा किंचाळला आणि गाडी उभी राहिली. पट्टा तुटला नाही. पट्टा मात्र उत्तम आहे.

गेटवरचे पुंडलिक मामा ढकलायला धावले. मॅडमनी त्यांना थांबवलं. घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं, फिल्टरची क्लिप सैल केली, फिल्टर उचलला आणि तोंडात बोट घातलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्यावर पिवळसर पीठ होतं. आणि पिठात एक अख्खा दाणा, कुंकू लागलेला.

"अक्षता आहेत या," मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, फिल्टर असताना हे शक्य नाही.

"फिल्टर लावायच्या आधी हे तोंड किती दिवस उघडं होतं?"

मी मोजलं. चौदा दिवस.

"आणि टोपण?"

"उपलब्ध नव्हतं, मॅडम."

मॅडम समोरच्या ट्रॉल्यांकडे बघत राहिल्या. मीही बघितलं. काल मीच शिक्के मारलेले अकराशे पाइप. प्रत्येकाला दोन्ही टोकांना लाल टोपण.

मग त्यांनी रुमालाने बोट पुसलं. दाणा मात्र फेकला नाही, माझ्या हातात दिला.

२ नोव्हेंबर, रविवार

छावणी. गाडी टेम्पोतून नेली. जानीमियाँनी सुपरचार्जर खोलून फडक्यावर पसरला. दोन्ही रोटरांवर खोल ओरखडे, मधे पीठ, आणि पूर्ण न दळलेली बरीचशी कणी. ते म्हणाले, "बिर्यानीच पकाना था तो बोलते बेटा, मैं घर से देगची लाता."

दुरुस्त होणार नाही. जुनी नळी परत लावली. बॉनेटचं भोक राहिलं. त्यावर त्यांनी पत्र्याचा गोल तुकडा ठोकून दिला, न मागता.

चिकलठाण्यात भात करपत नव्हता, हेही लक्षात आलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मॅडमना बिघाडाचा अहवाल द्यायचा आहे. आमच्याकडे पाच वेळा "का" विचारायची पद्धत आहे. रोटर का अडकले? बाह्य कण गेले. का गेले? तोंड उघडं होतं. का? टोपण नव्हतं. टोपण का नव्हतं?

चौथ्यावर थांबले. पाचवा का अहवालाच्या जागेत मावत नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. आईला काय सांगायचं? एकोणीस वर्षं तिने मला शिकवण्यात घालवली आणि माझं पहिलं यंत्र तिच्याच हातच्या अक्षतांनी बंद पडलं. हे कळलं तर ती पुन्हा कधी कुठल्या यंत्राजवळ हात जोडणार नाही. माझं तत्त्व आहे की खोटं बोलायचं नाही. पण हे खोटं वेगळ्या जातीचं असेल. रविवारी जाते. बेअरिंग गेलं असं सांगणार. बेअरिंग कुणाच्याही हातून जात नाही, आपलं आपण जातं.

९ नोव्हेंबर, रविवार, दुपारी

बसने गेले. मोडलेला सुपरचार्जर पिशवीत नेला होता, बेअरिंग दाखवायला. गिरणी चालू होती. आई हातातलं दळण संपवून बाहेर आली. पदराला हात पुसत विचारलं, काय निघालं.

मी म्हटलं, बेअरिंग.

आई म्हणाली, बेअरिंग व्हय. आणि तांदूळ?

मी म्हटलं, आई, तांदळाचा काही संबंध नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस.

तिने पिशवीतून सुपरचार्जर काढला, उपडा केला, तळहातावर आपटला. दोन-चार कण्या पडल्या. तिने त्या बोटाने पसरून बघितल्या, दळण जाड पडलं की बारीक ते बघतात तसं.

"अगं, मीच टाकलेत," आई म्हणाली. "दोन मुठी. मला कळंना व्हय?"

मी विचारलं, मग तेव्हा का नाही सांगितलंस.

"सांगितलं की. चारदा सांगितलं, तांदूळ हाय म्हणून. तू मातीत चित्रं काढून अर्धा तास समजावलंस. मला वाटलं, हिच्या यंत्रात दळून निघत आसंल. शिकलेलं माणूस म्हणतंय म्हणल्यावर."

ती मनाला लावून घेतेय का ते मी बघत होते. ती पुन्हा सुपरचार्जर बघत होती. म्हणाली, वजनाला चांगला हाय. आत नेऊन पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवला. उंदीर झाकण ढकलतात.

जेवताना तिने विचारलं, त्या तोंडाला झाकण नसतं का. मी म्हटलं, असतं. टोपण असतं. माझं कंपनीत तेच काम आहे, टोपण आहे की नाही ते बघायचं. गिरणी बंद होती. या वेळी तिला ऐकू आलं.

तिने मग ताटात भात वाढला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डिझाइनची जागा शंतनूला. त्याचं जिग सोमवारपासून लाइनवर आलं आहे. चालवायचं काम माझ्याकडे. मॅडम म्हणाल्या, टोपणाचं महत्त्व तुमच्याइतकं या कारखान्यात कुणाला पटलेलं नाही. त्या चेष्टा करत नव्हत्या, हेच वाईट.

अहवाल दिला. पाचवा का लिहिला. एक ओळच लागली: स्टोअरच्या वहीत कारण लिहायचं नव्हतं.

सकाळी आईचा फोन. आवडाबाई विचारत होत्या म्हणे, इंजिन कसं चाललंय. आईने सांगितलं, आता इंजिन नाय बनवत, इंजिनाच्या तोंडात काय जाऊ नये ते बघती. आणि त्यात काय, असं आवडाबाई म्हणाल्यावर आईने त्यांना आत नेऊन डब्यावरचं वजन दाखवलं.

दर रविवारचा विज्ञानाचा तास तूर्त रद्द. करमाडला जाणार आहे, पण गिरणीवर बसायला. आई म्हणाली, आवाज ओळखायला शिक.

आज १०९६ पाइप. शंतनूच्या जिगवर सगळ्यांना हिरवा दिवा. शेवटच्याचं टोपण काढून आत बोट घातलं. काही नव्हतं. टोपण परत लावलं.